पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरचा आठ वर्षांचा शोध



२३ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. दोन्ही दिवस वार्षिक परीक्षेच्या गडबडीत येतात. त्यामुळे फळ्यावर नाव, फोटोला हार आणि परिपाठात चार वाक्यं, एवढ्यावरच आपण भागवतो. ती चार वाक्यंही ठरलेली असतात. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शेवटचं वाक्य तर आपण जरा घाईघाईनेच उरकतो, कारण वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात आणि कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न असतो.

एकदा माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीने विचारलंच. धर्म बदलल्यावर रमाबाईंना लगेच बरं वाटलं का, असा तिचा साधा प्रश्न होता. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला घेतलं आणि कळलं की उत्तर "नाही" असं आहे. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांना जे हवं होतं ते मिळालं नव्हतं. त्यासाठी आणखी आठ वर्षं गेली. आजचा लेख त्या आठ वर्षांसाठी आहे. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

रानातलं घर आणि उपाशी यात्रा

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानात त्यांचं घर होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. तरुणपणी आपल्या गुरूंबरोबर ते पेशव्यांच्या वाड्यात जात. तिथे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत म्हणताना त्यांनी ऐकलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. बाईमाणसाला देवभाषा शिकवतो म्हणून लोक रागावले. तेव्हा शास्त्रीबुवा रानात जाऊन राहिले आणि त्यांनी लक्ष्मीबाईंना तिथे शिकवलं. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. पहाटे अंथरुणातून उठवून आई श्लोक म्हणून घ्यायची आणि मुलगी पाठ करायची. भागवत त्यांना असं लहानपणीच मुखोद्गत झालं.

कर्ज वाढलं, घर सुटलं आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर पोट भरायचं. शास्त्रीबुवांची श्रद्धा खरी होती. स्नान, उपास, जप, दान यात त्यांनी कधी कसर केली नाही. दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला तेव्हाही पदरचं उरलेलं सगळं त्यांनी धर्मकार्यात खर्च केलं. देव तारेल असा भरवसा होता. भांडी गेली, दागिने गेले, शेवटी झाडाचा पाला खायची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

दोघं भावंडं हजारो मैल पायी फिरली. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं तरी हे असं का झालं, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात तेव्हाच रुजला. त्या वेळी त्यांचं वय जेमतेम सोळा-सतरा होतं. हा प्रश्न कुणा मिशनऱ्याने त्यांच्या डोक्यात घातलेला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तो त्यांना उपाशी पोटी सुचलेला होता.

खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारे लोक

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी सभेत संस्कृतमध्ये बोलते, याचं साऱ्या कलकत्त्याला नवल वाटलं.

याच काळातली एक गंमत मुलांना जरूर सांगावी. या भावंडांना कुणीतरी ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला नेलं. चहापान झालं, भजनं झाली आणि मग सगळी मंडळी उठून आपापल्या खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यावर बसली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली. समोर मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतात की काय! ही त्यांची उपासनेची पद्धत असावी असा त्यांनी अंदाज बांधला.

मुलं यावर हसतात. पण हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आणून द्यावी. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतात ते फक्त गुडघे आणि खुर्च्या. आत काय चाललंय ते दिसत नाही. आपण दुसऱ्यांच्या पूजेकडे, नमाजाकडे, प्रार्थनेकडे बघतो तेव्हा आपलंही तसंच होतं.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामात सिल्चरला त्यांचा संसार सुरू झाला. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. त्यांनी ती आवडीने वाचली. पतीला ते फारसं रुचलं नाही. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची लेक होती.

पुणे, इंग्लंड आणि बाप्तिस्मा

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, "स्त्रीधर्मनीति" हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी त्यांनी तिथे केली. वैद्यकी शिकायची म्हणून १८८३ साली त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या सिस्टर्सच्या मठात उतरल्या. मठाची एक शाखा लंडनमध्ये फुलहॅमला होती. तिथे "वाईट मार्गाला लागलेल्या" म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी सिस्टर्स आश्रम चालवत. रमाबाईंनी तो पाहिला आणि त्या थक्क झाल्या. ज्या बायकांकडे लोक वळूनही बघत नाहीत त्यांच्याशी इथे प्रेमाने बोललं जात होतं. त्यातल्याच काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. हे लोक असं का करतात, हे त्यांनी एका सिस्टरला विचारलं. तिने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भेटलेल्या त्या बाईला येशूने दूर लोटलं नव्हतं.

रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढलं ते या कामाने. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. आजवर ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली.

"आजीबाईं"शी वाद

आपल्याला वाटेल, आता गोष्ट संपली. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई आणि मनोरमा त्यांना लाडाने आजीबाई म्हणत. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं आणि दोघींचा वादही तितकाच होता. त्यांची पत्रं पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने काढली. त्यातून हे वाद आपल्याला कळतात.

पहिला वाद जेवणाचा. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. मांस-मासे तर नाहीच, अंडं घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. आजीबाईंना वाटे, हा जुन्या जातीचा अभिमान अजून गेलेला नाही. रमाबाईंचं म्हणणं असं की माझ्या खाण्याने कुणाचं नुकसान होत नाही आणि ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज व्हावं लागत नाही.

दुसरा वाद क्रूसाचा. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द असत. रमाबाई विचारत, लॅटिनच का? माझ्या देशाची संस्कृत भाषा काय कमी पवित्र आहे?

तिसरा वाद सगळ्यांत मोठा. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचं देवत्व, चर्चचे मतअंगीकार, हे सगळं चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. आधी स्वतः वाचीन, पटलं तर मानीन, असा त्यांचा हट्ट. मनोरमालाही तिच्या वयाला न कळणाऱ्या गोष्टी घोकायला लावू नयेत असं त्यांनी कळवलं. आजीबाईंच्या दृष्टीने हा गर्व होता. रमाबाईंच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. एका पुरोहितवर्गाच्या ओझ्याखालून मी मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचं ओझं का घेऊ?

पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं आपल्याकडे बरं दिसणार नाही, असं त्यांचं मत. भर सभेत पंडितांपुढे बोललेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! बायकांना मागे ठेवणारे लोक इथेही आहेत, हे त्यांना कळून चुकलं.

त्यातच पंथांचा गोंधळ. ख्रिस्ती धर्म एक म्हणावा तर इंग्लंडमध्ये त्याचे कितीतरी पंथ, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटे.

आजीबाईंचीही बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्यासाठी नियम म्हणजे आधाराची काठी होती. ज्या चर्चने शतकानुशतकं श्रद्धा जपली त्याच्यावर विश्वास टाकावा, असं त्यांना मनापासून वाटे. नियम पाळणारा प्रत्येक माणूस ढोंगी नसतो, हे मुलांना सांगायला विसरू नये.

आठ वर्षांनंतर

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. बालविधवांसाठी शाळा काढायची म्हणून त्यांनी गावोगाव भाषणं दिली. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. शाळेत कुणावर धर्माची सक्ती नव्हती. हिंदू मुलींना आपले आचार पाळायची पूर्ण मोकळीक होती.

बाहेरून सगळं छान चाललं होतं. पण रमाबाईंना आतून स्वस्थता नव्हती. बाप्तिस्मा झाला होता, बायबल वाचून होत होतं, प्रार्थना होत होती, समाजसेवाही होत होती. तरी काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटत होतं. अशात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. हा माणूस कितीतरी वर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता. एके दिवशी उपदेश करता करताच त्याला उमगलं की आपण जे लोकांना सांगतो ते आपल्या स्वतःच्या आत उतरलेलंच नाही. रमाबाईंना त्यात आपला चेहरा दिसला.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या मनात मोठा बदल झाला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, तो चांगलाही होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची त्यांची कबुली आहे. केवळ बाप्तिस्मा आणि मतं यांनी माणूस बदलत नाही, हे त्यांनी स्वतःवरून सांगितलं. ज्या धर्मांतरासाठी समाज तुटला, मित्र तुटले, तेच अपुरं होतं असं जाहीरपणे लिहायला किती धैर्य लागलं असेल!

उघडं दार आणि मोडलेली शाळा

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर गेली. केसरीने टीकेची झोड उठवली. आमच्या मुली बाटवल्या जातायत, असं पालकांना वाटलं.

१८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळ सोडलं. अनेक मुलींना घरी नेलं गेलं. ज्या विधवा मुली नुकत्या कुठे पाटी-पेन्सिल धरायला शिकल्या होत्या, त्या पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच वाटते.

यात चूक कुणाची? मी शिक्षिका म्हणून यावर बराच विचार केला. दार बंद केलं असतं तर शाळा वाचली असती. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी श्रद्धा लपवणारही नाही. दुसरीकडे, शाळेतल्या लहान मुली मोठ्या बाईंच्या पाठोपाठ जातातच, हे आपण रोज बघतो. बाईंचा टिळाही मुली उचलतात आणि बोलण्याची लकबही. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. म्हणून पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मला म्हणवत नाही, आणि रमाबाईंनी फसवलं असंही म्हणवत नाही. वर्गात हा भाग दोन्ही बाजूंनी सांगावा.

केडगावची परीक्षा

आतल्या श्रद्धेची परीक्षा १८९६-९७ च्या दुष्काळात झाली. मध्य प्रांतात माणसं मरत होती. रमाबाईंना आपली आई, वडील, बहीण आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे कडक नियम होते, म्हणून पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला घेतलेल्या शेतावर त्यांना ठेवलं. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही शेकडो मुली आल्या.

या मुली शिकल्या, आणि हातानेही कामं करू लागल्या. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते केडगावात उभं राहिलं. मुक्ती कुठल्याही एका पंथाचं झालं नाही. रमाबाई शेवटपर्यंत पांढरं सुती लुगडं नेसल्या आणि शाकाहारी राहिल्या. उपासनेला सगळ्या जणी जमिनीवर बसत.

१९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत. काही परदेशी मिशनऱ्यांना तो गोंगाट वाटला. रमाबाईंनी मुलींना थांबवलं नाही. आपल्या देशातल्या माणसांनी आपल्या पद्धतीने देवाला हाक मारावी, असं त्यांचं मत होतं. म्हणजे त्या पद्धतींच्या विरोधात नव्हत्या. फक्त एकाची पद्धत दुसऱ्याने लादू नये, आणि पद्धतीलाच श्रद्धा समजू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण भाषांतर मुद्दाम साध्या मराठीत केलं. खेड्यातल्या नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचून कळावं, मध्ये कुणी सांगणारा लागू नये, म्हणून. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईने ते दुःख सोसून भाषांतर पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

वर्गात काय सांगाल?

रमाबाईंची गोष्ट म्हणजे "हा धर्म चांगला, तो वाईट" असं सांगायची गोष्ट नाही. वडिलांच्या उपासतापासाला त्यांनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न बिशपांच्या नियमांना विचारला आणि शेवटी स्वतःच्या बाप्तिस्म्यालाही विचारला. स्वतःलाही त्यातून सूट दिली नाही, म्हणून त्यांचा प्रश्न मला खरा वाटतो.

मुलांशी बोलताना हे प्रश्न घेता येतील :

१. खुर्च्यांपुढे गुडघे टेकलेले लोक पाहून रमाबाईंचा काय गैरसमज झाला? तुमचा असा गैरसमज कधी झाला आहे का?
२. फुलहॅमच्या सिस्टर्सच्या कोणत्या वागण्याने रमाबाई भारावल्या?
३. रमाबाईंनी भाषांतरासाठी सोपी मराठी का निवडली?
४. रोजची प्रार्थना म्हणताना तुमचं लक्ष कुठे असतं? (याचं उत्तर वहीत लिहून घेऊ नये, फक्त विचार करू द्यावा.)

चौथा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. परिपाठात माझे डोळे मिटलेले असतात, पण मनात हजेरीपट आणि पोषण आहाराचा हिशेब चालू असतो. मुलांना हात जोडायला शिकवणं सोपं आहे, ते आपण जूनच्या पहिल्या आठवड्यातच शिकवतो. पुढचं मात्र शिकवता येत नाही. मुलं ते आपल्या वागण्यातूनच उचलतात.

त्या चौथीतल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. लगेच बरं वाटलं नाही, आठ वर्षं लागली, असं सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं.

लेख कसा वाटला ते जरूर कळवा. आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले तेही सांगा.